पावण्यांचा काँप्युटर

पूर्णिमानं कोपऱ्यातल्या टेबलावरचा मिक्सर हलवला, टेबल पुसलं, त्यावर आहेरात आलेलं कापड अंथरलं आणि समोरच्या खुर्चीला उशीसुद्धा बांधली. आता फक्त काँप्युटर यायचा राहिला होता.

पुण्याच्या एका प्रकाशनानं तिला घरबसल्या मुद्रितं तपासायचं काम देऊ केलं होतं. लग्नाआधी ती हेच काम करायची. मग मुलगी झाली, सासूबाईंचं दुखणं निघालं आणि काम मागं पडलं ते पडलंच. आता परीक्षेसाठी पाठवलेली पानं तिनं मोबाइलवर डोळे चोळत चोळत तपासली होती आणि ती पास झाली होती. सोमवारी काम सुरू. अट एकच, घरी काँप्युटर पाहिजे. "नसला तर तसं सांगा, दुसऱ्या एक बाई तयार आहेत," असं तिकडच्या मॅडम अगदी गोड आवाजात म्हणाल्या होत्या. त्या दुसऱ्या बाई आता पूर्णिमाच्या स्वप्नात येऊ लागल्या होत्या.

तिचा नवरा सम्राट कोल्हापुरातल्या एका पतसंस्थेत कारकून होता. तो मुळातच दमलेला माणूस. सकाळी उठायचा तोच दमून उठायचा. "स्वस्त पाहिजे आणि टिकाऊ पाहिजे. एवढंच," तो म्हणाला. एवढंच म्हणणाऱ्या माणसांना बाजारात फार हिंडावं लागतं, हे त्याला अजून माहीत नव्हतं.

त्यात त्याचे सासरे आकाराम डोळे तपासायला म्हणून कागलहून आले होते. त्यांनी जन्मभर म्हशींचे व्यवहार केलेले. काँप्युटर घ्यायचा म्हटल्यावर त्यांनी आपणहून पटका बांधला.

"जावईबापू, व्यवहाराला मोठं माणूस लागतंय. मी येतो की."

"मामा, म्हस न्हाय, काँप्युटर घ्यायचाय."

"इकणारा माणूसच हाय न्हवं? मग झालं तर."

आकारामांची एक रीत होती. वस्तूला हात लावायच्या आधी विकणाऱ्याचं गाव विचारायचं. गावानंतर घराणं, घराण्यानंतर सोयरीक. कोल्हापूर जिल्ह्यात असं विचारत गेलं की कुठं तरी नातं लागतंच. नाही लागलं तर ते लावत.

मोबाइलवर जाहिरात बघून दोघं आधी हातकणंगल्याला गेले. तिथल्या हंबीररावांचा मुलगा बेंगळूरला नोकरीला लागला होता आणि त्याचा जवळजवळ नवा काँप्युटर घरात धूळ खात पडला होता. बटण दाबताच तो झटक्यात सुरू झाला. किंमतही खिशाला झेपणारी होती. सम्राटनं पाकिटाला हात घातला, तेवढ्यात मामांनी घसा खाकरला.

"पावणं, तुमचं मूळ गाव हेच का?"

सम्राटनं पाकीट उघडून घाईघाईनं नोटा मोजायला घेतल्या.

"न्हाय, मूळचं पन्हाळ्याकडचं," हंबीरराव म्हणाले.

"मग तिकडं बापूसाहेब म्हणून हुते, ते तुमचं कोण?"

"सख्खं चुलतं की!"

"आरं तिच्या! त्यांच्या मेव्हण्याला माझी थोरली बहीण दिलीया!"

हंबीररावांनी मामांना कडकडून मिठी मारली आणि सम्राटनं पुढं केलेले पैसे बाजूला सारले. "आता काय पैसं घेऊ व्हय मी? लेक आमचीच हाय. उचला, न्या घरला."

"फुकट?" मामा ताडकन उठले. "लेकीच्या संसारात फुकटची वस्तू? भिकेला लागलोय काय आम्ही?"

"आणि मी पावण्याला इकू? गावात तोंड कुठं दाखवू?"

"अहो, निम्मे तरी घ्या," सम्राट कळवळून म्हणाला. दोघंही त्याच्यावरच डाफरले. मग मटण झालं, पांढरा रस्सा झाला, जुने फोटो बघून झाले. काँप्युटर होता तिथंच राहिला.

दारात पूर्णिमा उभीच होती. सम्राटनं तिच्या हातात पिशवी दिली. पिशवीत शेवग्याच्या शेंगा होत्या.

"ह्या टेबलावर ठेवू का?" तिनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी सम्राटनं मुद्दाम जुन्या काँप्युटरवाल्या खिजरभाईंचं दुकान निवडलं. इथं सोयरिकीचा प्रश्नच नव्हता. खिजरभाईंनी स्वस्तातला एक काँप्युटर काढून दिला आणि तो सुरूही झाला. मामांनी पटका काढून पुन्हा बांधला. मग त्यांना राहवेना.

"भाई, तुमचं वाडवडील कुठलं?"

"कागलचं. आमचं आजोबा चमनचाचा, बैलांच्या खुरांना पत्र्या मारायचे."

"चमनचाचा!" मामांचा आवाज गहिवरला. "आरं, त्यांच्या मांडीवर बसून च्या प्यालोय मी!"

खिजरभाईंनी डोळे पुसले आणि काउंटरवरचा काँप्युटर उचलून शांतपणे मागं नेऊन ठेवला.

"ओ, आम्ही घेतोय की त्यो," सम्राट म्हणाला.

"घेऊ नका. किती दिवस चालंल सांगता येत न्हाय. गिऱ्हाइकानं इचारलं तर सांगतो. घरच्या माणसाला न इचारता सांगायला लागतंय."

"आम्ही गिऱ्हाईकच हाय की!"

"मघाशी हुता," खिजरभाई म्हणाले. घरच्या माणसाला शोभेल असा जो काँप्युटर त्यांनी मग दाखवला, त्याची किंमत ऐकून सम्राट स्टुलावर बसला. चहा पिऊन दोघं परत आले.

त्या रात्री कुणी फारसं जेवलं नाही. म्हणजे सम्राट आणि पूर्णिमा जेवले नाहीत. मामांनी शेवग्याची आमटी दोनदा घेतली.

रविवारी पूर्णिमानं कारभार स्वतःच्या हातात घेतला. "आबा, दुकानात एक शब्द बोलायचा न्हाय. आणि अहो, तुम्हीपण न्हाय," तिनं बजावलं आणि वडिलांच्या तोंडात भलामोठा विडा कोंबला.

शाहूपुरीतल्या दुकानाचा मालक ऋतुराज तरुण आणि बोलघेवडा होता. तिघांना बघताच त्यानं हसून विचारलं, "या की पावणं! गाव कंचं म्हणायचं?"

मामांचा चेहरा लालबुंद झाला. पूर्णिमा पुढं झाली आणि अगदी पुस्तकात छापल्यासारखं बोलली, "आम्ही नाशिकचे. ह्यांची बदली झाली आहे."

"आणि ह्ये आजोबा?"

"बाबांचं रविवारी मौन असतं."

मग तिनं जी घासाघीस केली, ती बघून सम्राटला बायकोची भीतीच वाटली. परक्या माणसाशी भांडताना काही आडवं येत नाही. काँप्युटर बजेटात बसला आणि घरी येऊन सुरूही झाला. पूर्णिमानं त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मामा विडा थुंकून आले आणि म्हणाले, "कागलच्या माणसाला नाशकाचं केलंस, पोरी." पण तिला एवढं हसताना बऱ्याच दिवसांनी बघितलं म्हणून पुढं बोलले नाहीत.

सोमवारी सकाळी काँप्युटरनं घुर्र केलं आणि पडदा काळा पडला. बटण दाबून झालं, वायरी काढून घालून झाल्या. मामांनी पाठीवर थोपटूनही बघितलं. "नव्या दावणीला बुजलंय," ते हळूच म्हणाले. दुपारी पुण्याच्या मॅडमचा फोन यायचा होता. पूर्णिमा उशी बांधलेल्या खुर्चीत काळ्या पडद्यासमोर नुसती बसून राहिली. ते सम्राटला बघवेना. त्यानं ऑफिसला फोन करून अर्धी रजा टाकली, सीपीयू स्कूटरवर पायांत धरला आणि दुकान गाठलं.

"इकल्याला माल परत घेत न्हाय, साहेब," ऋतुराज म्हणाला. आज त्यानं पावणं म्हटलं नव्हतं.

"मग दुरुस्त तरी करा. घरात काम अडलंय."

"ठेवून जावा. आठवड्यानं फोन करतो."

"आठवड्यानं? आज दुपारी पाहिजे हो!"

"नाशकात लगेच करून देत असतील. हितं येळ लागतोय."

सम्राट सीपीयूवर हात टेकून उभा राहिला. त्याच्या अंगात भांडायचं त्राण नव्हतं. त्याला ती दुसरी बाई दिसली, तिच्या घरातला चालू काँप्युटर दिसला. आणि त्याच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "पावणं, तुमचं गाव कंचं?"

"माझं? हातकणंगलं."

"तिथं हंबीरराव म्हणून हाईत..."

"मामा की माझं! सख्खं!"

"त्यांच्या चुलत्याच्या मेव्हण्याला," सम्राट एका दमात म्हणाला, "माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण दिलीया."

ऋतुराज मटकन खाली बसला. "आणि नाशिक?"

"एकदा जाऊन आलतो."

"घरच्या माणसाला ह्ये असलं दिलं मी?" ऋतुराज तसाच उठला. त्यानं काउंटरवरच्या स्वतःच्या सीपीयूच्या वायरी उपसल्या, शर्टाच्या बाहीनं धूळ पुसली आणि तो सम्राटच्या हातात दिला. "ह्यो माझा हाय. कवा दगा दिला न्हाय. न्या."

"वरचा फरक किती..."

"शरम हाय का न्हाय, पावणं?"

आता मामांसारखं अडून बसायचं असतं, हे सम्राटला माहीत होतं. तो अडला नाही. सीपीयू पायांत धरून तडक घरी आला. पुण्याचा फोन वाजला तेव्हा पूर्णिमानं पहिलं पान उघडलेलंसुद्धा होतं.

सगळी हकिकत मामांनी मांडी घालून ऐकली.

"म्हंजे घेताना परकं ऱ्हायाचं आणि बिघडल्यावर पावणं व्हायाचं?"

"व्हय, मामा."

"आणि मी जलमभर उलटं करत आलो," मामा खिन्नपणे म्हणाले.

तेवढ्यात दार वाजलं. बाहेरून दणदणीत आवाज आला, "हाईत का कोण घरात? भाच्यानं फोन केलता! भाच्याचा काँप्युटर चालतोय आणि मामाचा चालत न्हाय व्हय? घिऊन आलोय मी!"

हंबीरराव. पूर्णिमानं पडद्यावरची नजर न हलवता कपाळाला हात लावला. तिचं काम नुकतं कुठं रंगात आलं होतं. मामांनी एकदा लेकीकडं बघितलं, एकदा दाराकडं. मग जन्मात पहिल्यांदा जीभ आवरून, कडी न काढता, आवाज बारीक करून ते म्हणाले, "कोण पाहिजे आपल्याला? आम्ही नाशिकचे आहोत."

बाहेर काहीतरी जड खाली टेकल्याचा आवाज आला.

"नाशकाचं?" हंबीररावांचा आवाज आनंदानं आणखी चढला. "नाशकात कुठं? आमची धाकटी मेव्हणी नाशकालाच दिलीया की!"

सम्राट उठला आणि चहाचं आधण ठेवायला आत गेला.