तीन सह्या आणि एकशे अठरा भाषणं

“लिहा,” मुख्वाना साहेब म्हणाले आणि खुर्चीत असे काही मागे रेलले की खुर्ची कुरकुरली. “किसियांगानी मुख्वाना. पश्चिम केनियातला एकमेव शास्त्रशुद्ध गुप्तहेर. नजर ससाण्याची. स्मरणशक्ती हत्तीची. चाल बिबट्याची.”

“आणि नाक?” नामाल्वाने विचारलं.

“नाकाचं काय?”

“कुत्र्याचं लिहू का? एवढे प्राणी झालेच आहेत, तर त्याने तरी मागे का राहावं.”

मुख्वाना साहेबांनी दुर्लक्ष केलं. दुर्लक्ष करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि गुप्तहेर म्हणून त्यांची मुख्य अडचण तीच होती. पोस्टात अठ्ठावीस वर्षं त्यांनी पत्ता न सापडणाऱ्या पत्रांच्या विभागात काढली होती. तेवढ्या काळात त्यांना एकही पत्ता सापडला नाही. ही गोष्ट त्यांच्या माहितीपत्रकात ‘बेपत्ता प्रकरणांचा अठ्ठावीस वर्षांचा दांडगा अनुभव’ अशी छापलेली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी नामाल्वाच्या झेरॉक्सच्या दुकानात एक कोपरा मागून घेतला आणि आठवड्याभरात नामाल्वाला आपली सहायक म्हणून नेमून टाकलं. दुकान तिचं, टेबल तिचं, चहाही तिचाच. प्रकरणं तेवढी साहेबांची.

त्या मंगळवारी खरोखरच एक प्रकरण चालत दुकानात आलं. त्याचं नाव नालियाका. काउंटीच्या सभेतल्या पंचेचाळीस सदस्यांनी वर्षभरात काय दिवे लावले ते आकड्यांत मांडण्याचं काम तिच्याकडे होतं. असा अहवाल काउंटीत पहिल्यांदाच निघत होता.

“एक माणूस जुळत नाही,” ती म्हणाली. “माननीय सितुमा. वर्षात बैठका झाल्या चौऱ्याण्णव. सितुमांची भाषणं एकशे अठरा, सगळ्यांत जास्त. प्रश्न साठ. ठराव अकरा. आणि हजेरी तीन.”

“तीन महिने?” साहेबांनी विचारलं.

“तीन दिवस.”

नामाल्वाच्या हातातला कागदांचा गठ्ठा टेबलावर आदळला. सितुमा तिच्या वॉर्डाचे. त्यांनी भांडून आणलेल्या हातपंपामुळे तिची रोजची नदीपर्यंतची पायपीट थांबली होती. त्या माणसाचा ती मनापासून मान राखायची.

“भाषणं केली म्हणजे हजर होतेच ना?” ती म्हणाली.

“मलाही तेच वाटतं, ताई. पण नियम असा की हजेरी सहीवरच धरायची. आणि पक्षाने आता जाहीर केलंय, निम्म्याहून कमी हजेरी असेल त्याला पुढचं तिकीट नाही. शुक्रवारी दुपारी अहवाल छापायला जातोय. मी तीन छापले की हा माणूस घरी बसला. आणि मनाने वाढवले, तर बाकीचे चव्वेचाळीस माझा अहवाल चुलीत घालायला टपलेलेच आहेत.”

“बैठकीचा भत्ता कशावर मिळतो?” साहेबांनी डोळे बारीक केले.

“सहीवरच.”

“म्हणजे या सदस्याने एक्याण्णव दिवसांचा भत्ता आपण होऊन सोडला?” साहेब उभे राहिले. “बाई, हे प्रकरण साधं नाही. यात एक तर भूत आहे, नाहीतर परकं राष्ट्र.”

बुधवारी सकाळी दोघं सितुमांकडे निघाले. बाजारातून जाताना साहेब जुळ्या भावांचा सिद्धान्त समजावून सांगत होते. एक सितुमा घरी राहतो, दुसरा भाषणं करतो. पुरावा? आजवर कोणीही त्या दोघांना एकत्र पाहिलेलं नव्हतं. बोलता बोलता त्यांचा आवाजच बंद झाला. नामाल्वाने वळून पाहिलं तर तिच्या हातात साहेबांची छत्री होती आणि साहेब शिंप्याने टांगलेल्या परकरांच्या मागे गडप झाले होते.

समोरून डोक्यावर केळ्यांची पाटी घेतलेल्या बाई आल्या. साहेबांच्या सासूबाई. त्यांनी परकरांकडे पाठ केली आणि आभाळाकडे बघत विचारलं, “गेले का गं?”

“परकरांमागे आहेत, आई.”

“तब्येत बरी आहे ना?”

“खोकला आहे जरासा.”

“मध घ्या म्हणावं गरम पाण्यातून,” असं सांगून त्या लांबच्या वाटेने निघून गेल्या.

साहेब बाहेर आले, खांद्यावरचा दोरा झटकला आणि म्हणाले, “पाळत ठेवत होतो.” नामाल्वाने छत्री परत दिली. तीस वर्षांच्या संसारात साहेब सासूच्या समोर एकदाही आलेले नव्हते, आणि तिथल्या रीतीप्रमाणे गावात कोणाचाच जावई येत नसे.

सितुमा हातपंपाजवळ बसून पान्याने नटबोल्ट आवळत होते. त्यांची जुनीपुराणी मोटारसायकल शेजारी झाडाला टेकवलेली होती.

“माननीय, तुम्ही सभेला जात होता?” साहेबांनी विचारलं.

“रोज.”

“मग सही?”

सितुमांनी पाना खाली ठेवला. “सहीची वही जिथे आहे तिथे मला जाता येत नाही. याहून जास्त विचारू नका.”

“अहो, तिकीट जाईल!” नामाल्वाला राहवेना. “तुम्ही गेलात तर आमच्या वॉर्डाकडे बघणार कोण?”

“कळतंय मला, ताई. झोप उडाली आहे माझी. पण तिकिटासाठी मी त्या व्यक्तीचं नाव चव्हाट्यावर आणणार नाही. मी बोललो तर ती व्यक्ती वाईट ठरेल, आणि तिचा काहीएक दोष नाही.”

परत येताना साहेबांचा चेहरा उजळला होता. “पाहिलंत? दहशत! सहीच्या वहीपाशी, सभेच्या दारात कोणीतरी उभं असतं, ज्याला बघून हा धिप्पाड माणूस थरथर कापतो. तस्करांची टोळी. नामाल्वा, उद्या आपण त्या दारात जाणार. कदाचित परत येणार नाही.”

“मग आज दुकानाचं भाडं भरून टाकते,” नामाल्वा म्हणाली.

गुरुवारी सभेच्या पुढच्या दारात टोळी वगैरे काही नव्हती. तिथे टेबलामागे साठीच्या खाकासाआई ताठ बसल्या होत्या. जानेवारीत कोठीघरातून त्यांची बदली या टेबलावर झाली होती, आणि तेव्हापासून उशिरा येणाऱ्या सदस्यांची पाचावर धारण बसलेली असायची.

“काय काम?” त्यांनी विचारलं.

“राष्ट्रीय महत्त्वाचं.”

“पाहुण्यांच्या वहीत लिहा. वेळही लिहा.”

साहेबांनी दहा वीस लिहिले. खाकासाआईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. “दहा एकवीस.” साहेबांनी मुकाट्याने खोडून दुरुस्ती केली.

नालियाकाची चिठ्ठी दाखवल्यावर हजेरीची वही मिळाली. प्रत्येक पानावर वर तारीख, खाली नावं, पुढे सह्या. शेवटचा रकाना ‘सही न होण्याचे कारण आणि साक्षीदार’. तो वर्षभरात एकदाच वापरला होता. फुटबॉल खेळताना एका सदस्याचा उजवा हात मोडला, तेव्हा ‘हात मोडला’ असं लिहून स्वयंपाकघरातल्या रोडामावशींनी साक्षीची सही ठोकली होती.

“हा रकाना कधीही भरता येतो?” नामाल्वाने विचारलं.

“वही बंद होईपर्यंत. उद्या बारा वाजता अध्यक्षांचा शिक्का बसतो. मग देव आला तरी नाही,” खाकासाआई म्हणाल्या.

साहेबांचं इकडे लक्षच नव्हतं. त्यांना उडून जाणाऱ्या शाईचा सुगावा लागला होता. सितुमा सही करत असणार आणि शत्रूने दिलेल्या शाईमुळे ती तासाभरात नाहीशी होत असणार. त्यांनी खिशातून अर्धं लिंबू काढलं आणि सितुमांच्या रिकाम्या चौकोनावर चोळलं.

“काय करताय?” खाकासाआईंचा आवाज चढला.

“रसायनशास्त्र!”

“वही आहे ती, मासा नाही!” त्यांनी लिंबू हिसकावलं, पान पदराने टिपलं आणि साहेबांना बाहेरच्या बाकावर बसवलं. साहेब बसले. बाकावर त्यांनी तीन सह्यांच्या तारखांची बेरीज केली, तिला सातने भागलं, बाकी उरली दोन, आणि दोन म्हणजे अर्थातच जुळे भाऊ.

नामाल्वा मात्र वहीची पानं उलटत होती. दिवसभर लोकांची हस्ताक्षरं यंत्रातून काढणाऱ्या बाईला अक्षर ओळखायला भिंग लागत नाही. वर्षभर वरची तारीख गोल, टपोऱ्या अक्षरात होती, खाकासाआईंच्या. सितुमांची सही असलेल्या तीनच दिवशी ती वाकडीतिकडी होती. आणि तसंच वाकडं अक्षर तिने आत्ताच ‘हात मोडला’च्या पुढे पाहिलं होतं.

ती चहाच्या निमित्ताने मागे स्वयंपाकघरात गेली. रोडामावशी कढईत मंडाझीच्या गोड पुऱ्या तळत होत्या.

“मावशी, त्या तीन दिवशी वहीवर तुम्ही बसला होतात का?”

“बसले होते की. खाकासाच्या तीन दाढा काढल्या या वर्षी. एकेका दाढेला एकेक दिवस सुट्टी. आणि इकडे माझ्या मंडाझी करपल्या.”

“त्या दिवशी माननीय सितुमा पुढच्या दाराने आले?”

“आले ना, अगदी ऐटीत. एरवी बापडे माझ्या चुलीजवळून वाकून आत जातात. बारा महिने कपड्यांना तळणाचा वास. ठराव मांडायला उभे राहिले की शेजारच्यांना भूक लागते म्हणे.”

“पण मागच्या दाराने का?”

रोडामावशींनी झारा बाजूला ठेवला आणि नामाल्वाकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “अगं, खाकासाची थोरली लेक कोणाच्या घरात आहे?”

नामाल्वा क्षणभर उभी राहिली आणि मग इतकी हसली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. सासू दारात बसलेली. तिच्या टेबलाशी जाऊन, तिच्या समोर वाकून सही करायची, हे कुठल्या जावयाला जमणार होतं? सासूची बदली करा म्हणावं, तर ती तिच्याविरुद्ध तक्रार. आणि हे ओळखायला सगळी काउंटी पालथी घालत होते कोण, तर काल परकरांमागे लपलेले गुप्तहेर.

मग हसू ओसरलं. उद्या बारा वाजता शिक्का बसणार होता. तिने नालियाकाला फोन करून बोलावून घेतलं आणि ती आल्यावर दोघी खाकासाआईंच्या टेबलाशी गेल्या.

“आई, माननीय सितुमांच्या हजेरीत तीनच दिवस लागलेत,” नामाल्वा हळूच म्हणाली. “तेवढेच छापले तर त्यांचं तिकीट जातंय. तुमच्याबद्दल त्यांनी तोंडातून अवाक्षर काढलं नाही.”

खाकासाआईंनी हातातल्या पेनाचं टोपण बंद केलं. “तिकिटाचं मला कोणी सांगितलं नाही,” त्या म्हणाल्या. “सही राहतेय हे मी रोज बघत होते. पण जावयासाठी नियम मोडला असता तर लोकांनी त्यालाच नावं ठेवली असती.”

“ते किती दिवस आले ते कोण सांगणार, आई? मला पुरावा लागतो,” नालियाका म्हणाली.

खाकासाआई वाकल्या आणि टेबलाखालून एक वाळका भोपळा काढून त्यांनी समोर ठेवला. आत घेवड्याचे दाणे खुळखुळले.

“त्याची मोटारसायकल थांबताना तीनदा खोकते,” त्या म्हणाल्या. “मागे ती खोकली की मी एक दाणा टाकते. मला त्याच्याकडे बघता येत नाही, खुशाली विचारता येत नाही. नीट पोचला एवढं तरी मला कळायला नको का? माझ्या लेकीचा नवरा आहे तो. मोज, पोरी.”

नालियाकाने दाणे टेबलावर ओतले आणि दहा-दहाच्या ओळी लावल्या. नऊ ओळी झाल्या आणि वर एक दाणा उरला.

“एक्याण्णव,” ती पुटपुटली. “आणि तुम्ही रजेवर असतानाच्या सह्या तीन. चौऱ्याण्णव! ताई, वर्षभरात माझी एकही बेरीज इतकी चोख जुळली नाही हो!” तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आकड्यांच्या माणसांना कशाने भरून येईल ते सांगता येत नाही.

“पण हे चालेल का?” नामाल्वाने विचारलं. “दाणे कोण मानणार?”

“सासूने जावयाच्या बाजूने दिलेली साक्ष आहे, ताई. खोटी म्हणायची कोणाची छाती आहे?”

खाकासाआईंनी आधीच वही ओढली होती. चष्मा पुसला, पेन उघडलं आणि जानेवारीच्या पहिल्या बैठकीपासून सुरुवात केली. साक्षीदार म्हणून स्वतःची पूर्ण सही. त्याआधी कारण, त्यांच्या गोल टपोऱ्या अक्षरात, एकच शब्द: सासू. मग पुढचं पान. सासू. त्याच्या पुढचं पान. सासू. असं एक्याण्णव वेळा, एकही पान न चुकवता. लिंबू लागलेल्या पानावर शाई थोडी फुटली, तेव्हा त्यांनी बाहेरच्या बाकाकडे एक जळजळीत नजर टाकली.

दुसऱ्या दिवशी बाराला पाच मिनिटं असताना शिक्का बसला. शिक्का मारताना अध्यक्षांनी रकाना वाचला, काही बोलायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. त्यांनाही सासू होती. अहवाल छापून आला तेव्हा सितुमा पंचेचाळीसांत पहिले होते, आणि चव्वेचाळीसांपैकी एकाचीही त्या आकड्याला हात लावायची हिंमत झाली नाही. तिकीट पक्कं झालं.

मुख्वाना साहेबांनी नवं माहितीपत्रक काढलं. त्यात ‘विधिमंडळातील गुप्त दरवाजा शोधला’ असं ठळक छापलेलं होतं. नामाल्वानेच ते छापलं, आणि खाली बारीक अक्षरात ‘खोकल्यावर मधही मिळतो’ अशी ओळ स्वतःच्या अधिकारात घातली.

फेब्रुवारीत सभा पुन्हा भरली. नव्या वहीचं काम नामाल्वाच्या दुकानाला मिळालं होतं. वही पोचवायला ती स्वतः गेली. खाकासाआईंनी उघडून पाहिली. सितुमांच्या ओळीत कारणाच्या रकान्यात ‘सासू’ हा शब्द आधीच छापलेला होता.

“रोज लिहायचा त्रास नको म्हणून,” नामाल्वा म्हणाली.

खाकासाआईंनी तिच्याकडे रागाने बघायचा प्रयत्न केला, पण तो काही साधला नाही. एवढ्यात मागच्या बाजूला एक मोटारसायकल तीनदा खोकून थांबली. थोड्या वेळाने रोडामावशी पिठाचे हात पुसत बाहेर आल्या. त्यांच्या काखेत एक नवाकोरा वाळका भोपळा होता, जुन्याच्या चौपट मोठा.

“चुलीपाशी कोणीतरी ठेवून गेलंय,” त्या म्हणाल्या. “नाव विचारायचं नाही म्हणे. पाच वर्षं पुरेल एवढा आहे.”

खाकासाआईंनी भोपळा दोन्ही हातांनी घेतला, टेबलाखाली नीट ठेवला आणि त्यात पहिला दाणा टाकला. मग त्यांनी बराच वेळ भिंतीकडे तोंड करून नाक पुसलं. टेबलाशी एक सदस्य सही करायला ताटकळत उभा होता.

“वेळ लिहा,” त्या त्याला म्हणाल्या.