राखीव घागर

'कामाचं स्वरूप थोडक्यात लिहा,' असं फॉर्मवर छापलं होतं, आणि घोटाळा तिथेच झाला.

सौदीतल्या रास तनुऱ्याजवळच्या एका ठेकेदार कंपनीत नसरुद्दीन परकार कागदोपत्री स्टोअरकीपर होता. खरं तर एकोणीस वर्षांपूर्वी कंपनीच्या अमेरिकन मॅनेजरने त्याला बेसबॉलसाठीच ठेवून घेतलं होतं. मुख्य पिचरचा हात थकला, सामना हातचा जायला लागला, की शेवटच्या डावांत नसरुद्दीन चेंडू फेकायला उतरायचा. अशा माणसाला रिलीफ पिचर म्हणतात. मुरूडच्या जेटीवर होड्यांचे दोर फेकून घडलेला त्याचा खांदा पन्नाशीतही कुरकुरत नव्हता. तो मॅनेजर गेला, दोन कर्णधार निवृत्त झाले. नसरुद्दीन फेकतच होता.

मग सौदीकरण आलं. कुठली कामं स्थानिकांना द्यायची ते ठरवायला प्रत्येक परदेशी माणसाकडून फॉर्म मागवला. नसरुद्दीनचा फॉर्म नाशिकच्या चारुदत्त इंजिनियरने इंग्रजीत भरला.

"नसरुद्दीनभाई, स्टोअरकीपर लिहिलं तर पुढच्याच विमानाने घरी जाल. रिलीफ पिचर लिहितो. सौदीत दुसरा शोधून सापडायचा नाही!"

"लिहा साहेब. खोटं तर नाय ना?"

"अजिबात नाही."

फॉर्म अरबी भाषांतराला गेला. इंग्रजीत पिचर म्हणजे पाण्याचं भांडंही, आणि रिलीफ म्हणजे आपत्तीतली मदतही. भाषांतर करणाऱ्याकडे शब्दकोश होता, बेसबॉल नव्हता. नसरुद्दीनचा हुद्दा झाला 'आपत्कालीन पाण्याची घागर'.

पाणी म्हणजे सुरक्षा विभाग, असं ऑफिसने ठरवलं. रविवारी गोदामात पाण्याच्या वीस मोठ्या बाटल्या आल्या. सोमवारी लाल जाकीट आणि हेल्मेट आलं. मंगळवारी एका अधिकाऱ्याने वही उघडून विचारलं, "आग लागली, तर तू किती लिटर?"

नसरुद्दीन गांगरला. "साहेब... गरजेप्रमाणे."

अधिकाऱ्याने तेही लिहून घेतलं. बुधवारी घरी पाठवायच्या स्टोअरकीपरांची यादी लागली. बाकी चौघांची नावं होती, नसरुद्दीनचं नव्हतं. चारुदत्तने कारण शोधून काढलं आणि पोट धरून हसला. नसरुद्दीन मात्र लाल जाकीट काढून तडक क्वार्टरवर गेला.

"सांगून टाका बघू," त्याची बायको खुर्शीद म्हणाली. "आपल्या मेहेकची बारावी हाय, ठावं हाय मला. पण खोट्या हुद्द्यावर राहून घास नाय उतरायचा."

गुरुवारी सकाळी तो हाशमसाहेबांच्या केबिनमध्ये उभा राहिला. कामगार विभागाचे हे सौदी प्रमुख हसल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. नसरुद्दीनने सगळं सांगितलं, चेंडू कसा फेकतात तेही हाताने करून दाखवलं.

हाशमसाहेबांनी चष्मा काढला. सावकाश पुसला. नसरुद्दीनला विमानाचा आवाजसुद्धा ऐकू यायला लागला.

"हे आणखी कुणाला माहीत आहे?" त्यांनी हिंदीत विचारलं.

"बायको. आणि एक इंजिनियर."

साहेबांनी उठून दार लावलं. "भाषांतर माझ्या मेहुण्याने केलंय. मोठ्या मिनतवारीने लागलाय नोकरीला." ते खाली बसले. "अग्निशमन पथकात एक खरी जागा रिकामी आहे. दोन महिने शिकावं लागेल. पाइपाने पाणी नेमकं निशाण्यावर फेकता येईल?"

"फेकणं तेवढं येतं, साहेब!"

"मग बदली मंजूर." त्यांनी शिक्का मारला आणि पहिल्यांदाच हसले. "खलास! झालं काम."

नसरुद्दीनने घरी येऊन सगळं सांगितलं. खुर्शीदने अर्धी भरलेली बॅग रिकामी करायला घेतली.

"एकोणीस वर्षांत," ती म्हणाली, "पहिल्यांदाच न फेकता जिंकलात."