घसा बसलेली गिटार

"रविवारी दुपारच्या चहाच्या आत तो आवाज काढून दाखवतो!" डॉक्टरांनी जेवता जेवता जाहीर केलं.

डॉक्टर दातांचे. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकवायचं आणि उरलेल्या वेळात एका जुन्या रॉक रेकॉर्डवरच्या गिटारच्या आवाजामागे धावायचं, हा त्यांचा वीस वर्षांचा परिपाठ. आवाज कसा? घसा बसलेल्या माणसानं रागाच्या भरात खरं बोलून टाकावं तसा! त्यासाठी त्यांनी एक खरचटलेली गिटार, आवाज बदलणारी, पायानं दाबायची सात पेडल्स आणि काचेच्या व्हॉल्व्हचा एक म्हातारा अँप्लिफायर जमवला होता.

अडचण एकच. अँप्लिफायर पूर्ण मोठा केल्याशिवाय आवाज हवा तसा फाटत नाही, आणि सासूबाई दुपारी शेजारच्याच खोलीत झोपतात. रविवारी डॉक्टरांनी तोड काढली. अँप्लिफायर आपल्या खोलीतल्या कपड्यांच्या कपाटात ठेवला, घरातली झाडून सगळी पांघरुणं त्याच्याभोवती कोंबली, आवाज हेडफोनवर ऐकायला आत एक माइक सोडला आणि दार लावून घेतलं. मग सातव्या पेडलची बॅटरी शोधायला ते स्वयंपाकघरात गेले. जाताना अँप्लिफायर मात्र चालूच राहिला.

जुन्या पेडलला एक खोड असते. वायर लांब असली की ते खुशाल रेडिओ पकडतं. सासूबाईंना जाग आली ती कपाटातून येणाऱ्या मधाळ बायकी आवाजानं.

"लाजू नका. मन मोकळं करा. तुमचं ऐकायलाच मी इथे बसले आहे!"

सासूबाई ताडकन उठल्या. काठी टेकत स्वयंपाकघराच्या दारात आल्या.

"जावईबापू, कपाटात काय लपवलंय?"

"कळलं वाटतं!" डॉक्टर खुशीत म्हणाले. "वीस वर्षांचं प्रेम आहे ते! तुमच्या लेकीला सगळं माहीत आहे."

"माहीत आहे?"

"सुरुवातीला चिडली होती. आता म्हणते, आवाज बाहेर येऊ देऊ नका म्हणजे झालं."

सासूबाई तरातरा डॉक्टरांच्या खोलीत गेल्या, कपाटाचं दार उघडलं आणि "बाहेर ये, भवाने!" म्हणत पांघरुणांच्या ढिगात काठी खुपसली.

फर्र!

डॉक्टर धावत आले. मागोमाग बायकोही आली. पांघरुणं उपसली तर स्पीकरच्या कागदाला वीतभर चीर! बायकोनं आईला सगळं समजावलं. सासूबाई ओशाळल्या. डॉक्टरांचा चेहरा तर अक्कलदाढ उपटल्यासारखा झाला. उरलंसुरलं काही चालतंय का, हे बघायला त्यांनी गिटारची एक तार छेडली.

आणि तो आवाज आला! तोच. खरखरीत, चिडलेला, खरा! फाटलेला कागद फडफडत होता आणि डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी तरळत होतं.

"सासूबाई! सात पेडल्सना जमलं नाही ते तुमच्या काठीनं केलं!"

सासूबाईंच्या जिवात जीव आला. त्या पलंगावर ऐसपैस बसल्या. "मग वाजवा तर ते गाणं. मलाही ऐकू दे."

डॉक्टरांनी सुरुवातीचे चार सूर झोकात वाजवले आणि थांबले.

"पुढे?"

"पुढचं... शिकायचं राहिलंय."

"मग वीस वर्षं काय केलंत?"

"आवाज शोधत होतो," डॉक्टर पुटपुटले.

सासूबाईंनी ढिगातलं एक पांघरूण ओढून घेतलं आणि तिथेच आडव्या झाल्या.

"शिकलात की उठवा मला."