फांदोबाचं वजन आणि ठिपकेसाहेबांचा मोफत सल्ला

एका जंगलात, जिथे मोबाइलला रेंज नव्हती पण सल्ल्यांचा तुटवडा अजिबात नव्हता, फांदोबा नावाचा एक वानर राहत होता. बाळांनो, मागे बसून कुजबुजू नका. गोष्ट लहान आहे, आणि तिच्यात एकाच्या जिवावर बेतणार आहे.

फांदोबाचं घर ऐनाच्या उंच झाडावर होतं. घर म्हणजे काय, शेंड्याकडची एक बारीक फांदी. वानरं अशाच फांदीच्या टोकाला झोपतात. बिबट्याला झाडावर चढता येतं, पण तो पडला जड. बारीक फांदी त्याला पेलत नाही. हे शहाणपण फांदोबाच्या घराण्यात पणजोबांच्याही आधीपासून चालत आलेलं होतं.

घोटाळा असा झाला, की ती फांदी आता फांदोबालाही पेलेना.

जंगलाच्या कडेला एक देऊळ होतं. तिथे येणारी माणसं भलतीच प्रेमळ. ती फांदोबाला पेढे देत, केळी देत, बिस्किटांचे पुडे देत, आणि तो खायला लागला की फोटो काढत. फांदोबाने कधी कुणाचं मन मोडलं नाही. होता होता असं झालं, की तो कुठेही निघाला तरी त्याचं पोट त्याच्या आधी पोचायचं.

एके संध्याकाळी तो घरी आला तेव्हा फांदी कर्रकन वाजली. त्याची बायको शेंगाबाई पिल्लाला पोटाशी धरून बसली होती. ती किंचाळलीच.

"अहो, तिथेच थांबा! आणखी एक पाऊल टाकलंत तर आपण तिघंही खाली!"

"मग मी झोपू कुठे?"

"खालच्या बेचक्यात झोपा. आणि उद्यापासून भेकरमास्तरांच्या वर्गाला जा!"

फांदोबा मुकाट्याने खालच्या बेचक्यात आला. जागा मोठी ऐसपैस होती. त्याला ऐसपैस होती तशी बिबट्यालाही होती, त्यामुळे त्याला काही झोप लागली नाही.

भेकर म्हणजे एक लहानसं हरीण. त्यातलेच एक भेकरमास्तर रोज सकाळी माळावर 'दणदणीत दमछाक वर्ग' चालवत. थोडा वेळ जीव तोडून पळायचं, थोडं थांबायचं, पुन्हा पळायचं, उड्या मारायच्या, जोर काढायचे, आणि हे सगळं सगळ्यांनी मिळून. लांबून बघणाऱ्याला वाटावं, वणवा लागलाय.

"तिथे सगळे तगडे प्राणी येतात गं," फांदोबा सकाळी म्हणाला. "मी आधी जरा बारीक होतो, मग जातो."

"म्हणजे आंघोळीला जायचं म्हणून आधी अंग धुऊन घेणार?" शेंगाबाई म्हणाली.

फांदोबाला उत्तर सुचलं नाही. ज्याला उत्तर सुचत नाही तो तज्ज्ञाकडे जातो. जंगलातले तज्ज्ञ म्हणजे ठिपकेसाहेब.

ठिपकेसाहेब ओढ्यापलीकडच्या खडकावर दिवसभर लोळून सगळ्यांना आरोग्याचा मोफत सल्ला देत. ते जातीने बिबटे होते, पण आपण मांसाहार सोडल्याचं त्यांनी स्वतःच जाहीर केलं होतं. त्यांचे काही पेशंट सल्ला घेतल्यावर पुन्हा कधी दिसत नसत. ते बरे झाले असणार, असं सगळे धरून चालत.

"व्यायाम?" ठिपकेसाहेबांनी पंजा कपाळाला लावला. "आणि तोही घोळक्यात? अरेरे! गुडघ्याच्या वाट्या निखळतात रे. ते साळिंदर पाहिलंस ना? जन्मतः गुळगुळीत होतं बिचारं. जोर काढायला लागलं आणि अंगभर काटे आले."

"बाप रे! मग माझे दंड गव्यासारखे होतील?"

"पंधरवड्यात. शेपूटही फुगेल. बायको ओळखणार नाही. आणि तो मास्तर किती खेकसतो! तुझ्यासारख्या खानदानी वानराने ते का ऐकून घ्यावं?"

"मग मी करू तरी काय?"

"विश्रांती घे. पेढे सोडू नकोस. आणि रोज अंगाला हळद, मीठ आणि लिंबू चोळून उन्हात पडून राहा. मांड्यांना जरा जास्त चोळ."

"आलं-लसूण चालेल?" फांदोबाने विचारलं. त्याला आता गोडी वाटायला लागली होती.

ठिपकेसाहेबांनी आवंढा गिळला. "उत्तम. मिरपूडही घाल."

फांदोबा खूश झाला. इतका सोपा उपाय त्याला आजवर कुणी सांगितला नव्हता. त्याने मन लावून सगळं चोळलं आणि संध्याकाळी घमघमत घरी आला.

शेंगाबाईने वरूनच वास घेतला. "अहो, तुम्ही बरे व्हायला निघालात की पानात वाढून घ्यायला?"

"तुला वैद्यकातलं काय कळतं?"

यावर शेंगाबाई नेहमीसारखी भांडली नाही. ती दोन फांद्या खाली उतरली आणि हळूच म्हणाली, "मला एकच कळतं. तुम्ही खाली बेचक्यात असलात की माझा डोळा लागत नाही. जरा पान वाजलं की वाटतं, गेले. पिल्लू विचारतं, बाबा वर का येत नाहीत? मी काय सांगू त्याला?"

फांदोबाला फार वाईट वाटलं. त्याने ओढ्यावर जाऊन लिंबू-मीठ धुऊन टाकलं आणि दुसऱ्या दिवशी माळावर जाऊन उभा राहिला.

"ये! ये! उशीर का केलास?" भेकरमास्तर असे ओरडले, की फांदोबा मागच्या मागे बसला.

"घाबरू नकोस रे," शेजारची घोरपडआजी म्हणाली. "भेकराच्या जातीला हळू बोलताच येत नाही. परवा त्यांनी मला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या, तर ससे बिळात पळाले."

"तू!" मास्तर फांदोबाकडे वळले. "त्या वारुळावर चढ! उतर! पुन्हा चढ! मग बस!"

"एवढंच?" फांदोबाने विचारलं. "तो गवा धोंडा ढकलतोय, तसं काही?"

"तू गवा आहेस का?"

"नाही."

"मग वारूळ!"

फांदोबाने बघितलं तर खरंच, ज्याचं त्याचं काम वेगळं होतं. घोरपडआजी एका उतरणीवर सावकाश सरपटत होती. कासवाने मान बाहेर काढली, आत घेतली, पुन्हा बाहेर काढली, आणि सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. साळिंदराला त्याने भीतभीत विचारलं, "तुमचे काटे व्यायामानेच आले का हो?" साळिंदर म्हणालं, "नाही, आईकडून आले."

आता बाळांनो, तुम्हाला वाटेल, फांदोबा शहाणा झाला. मूर्ख इतक्या लवकर शहाणा होत नसतो. तो एका खड्ड्यातून निघतो आणि ऐटीत दुसऱ्यात पडतो. दुसऱ्या दिवशी त्याने ठरवलं, की ओकारी येईपर्यंत केलं तरच खरा व्यायाम. त्याने गव्याचा धोंडा ढकलला, सशांच्या उड्या मारल्या, घोरपडीची उतरण पालथी घातली. तिसऱ्या दिवशी त्याला पाठ खाजवायला हात उचलेना.

"गाढवा!" मास्तर गरजले. वर्गात एक गाढव होतं, ते उगाच दुखावलं. "दमायला सांगितलं होतं, मरायला नाही! आज झोप काढ! उद्या वारूळ!"

असं करत पावसाळा सरला. पेढे सुटले नाहीत, मी खोटं कशाला सांगू, पण कमी झाले. दंड काही गव्यासारखे झाले नाहीत. फांदोबा त्यामुळे मनातून थोडा खट्टूच झाला. पण त्याचं पोट आता त्याच्याबरोबरच पोचायचं.

तिकडे ठिपकेसाहेबांचं मात्र वाईट चाललं होतं. पेशंट आटले. जे भेटत ते "नमस्कार साहेब" म्हणेपर्यंत पार टेकडीपलीकडे गेलेले असत. आणि साहेबांनी तर वर्षभर खडकावर लोळण्यापलीकडे काही केलं नव्हतं. शेवटी एके संध्याकाळी भूक असह्य होऊन ते ओढा ओलांडून आले आणि देवळाकडून परतणाऱ्या फांदोबावर त्यांनी झेप घातली.

झेप थोडक्यात हुकली. फांदोबा पळत सुटला आणि ऐनावर सरसर चढायला लागला. मागून ठिपकेसाहेबही चढू लागले.

"थांब!" ते धापा टाकत ओरडले. "एवढं पळणं... गुडघ्यांना... वाईट!"

सवय फार वाईट असते, बाळांनो. तज्ज्ञाचा आवाज ऐकून फांदोबा खरंच क्षणभर थांबला.

"अहो!" वरून शेंगाबाईने हंबरडा फोडला.

फांदोबा भानावर आला. जाड फांदी संपली, मधली संपली, आणि समोर ती बारीक फांदी आली. तिच्या टोकाला त्याची बायको होती आणि त्याचं पिल्लू होतं. फांदी मोडली तर त्याच्याबरोबर ती दोघंही जाणार होती. त्याचा पाय उचलेना.

"या," शेंगाबाई म्हणाली, आणि तिने हात पुढे केला.

फांदोबा डोळे मिटून गेला. फांदी वाकली. खूप वाकली. मग जराशी वर आली आणि तशीच राहिली. पिल्लाने बाबांच्या गळ्याला मिठी मारली. ठिपकेसाहेबांनीही एक पंजा त्या फांदीवर टेकवला, त्यांचा तोल गेला, आणि ते थेट खालच्या करवंदीच्या जाळीत जाऊन पडले.

दुसऱ्या दिवशी ठिपकेसाहेब हे जंगल सोडून शेजारच्या जंगलात गेले. हडकलेले, ओरबाडलेले, एका पायाने लंगडत. तिथल्या प्राण्यांनी हळहळून विचारलं, "साहेब, ही काय दशा झाली?"

"व्यायाम," ठिपकेसाहेब सुस्कारा टाकून म्हणाले. "घोळक्याने केलेला व्यायाम."

आणि ते सगळ्यांना ताबडतोब पटलं, कारण पुरावा डोळ्यांसमोर लंगडत होता. त्याच दुपारी खडकाखाली सल्ल्यासाठी रांग लागली. रांगेत एक गुबगुबीत ससा सगळ्यात पुढे होता.

तात्पर्य : घोळक्याने व्यायाम केल्यास प्रकृती बिघडते, हे अगदी खरं आहे. कोणाची, ते मात्र विचारू नये. असल्या चौकशा करणाऱ्याला फुकट सल्ला मिळत नाही.