कापसाच्या हिमालयातली बिनमरणाची लढाई

युद्ध जिंकायला सैन्य लागते. जिंकलेले युद्ध गणपतीपुढे मांडायला मात्र कार्यकारिणी लागते, आणि ती प्रत्येक देशाच्या नशिबी नसते. लाखनीच्या नवजवान गणेश मंडळापाशी ती होती. बहात्तर सालच्या उत्सवात मंडळाने रणभूमीचा देखावा करायचे एकमताने ठरवले. कारण देशभक्ती हे होतेच, शिवाय तालुक्याची देखावा-स्पर्धा होती आणि मागच्या साली पहिले बक्षीस शेजारच्या मंडळाने समुद्रमंथन दाखवून नेले होते. (पाणी खरे, साप खोटा. परीक्षक सापावर भाळले.)

अध्यक्ष भोजराजभाऊंची धानाची गिरणी होती, त्यामुळे नेतृत्वगुण वेगळे शोधावे लागले नाहीत. त्यांनी टिकारामला मार्गदर्शक नेमले. टिकाराम आदल्या डिसेंबरात पूर्वेच्या आघाडीवर लढून, डावा पाय गुडघ्यापासून तिकडेच ठेवून गावी आला होता. मार्गदर्शकाचे काम एवढेच, की सगळे ठरून गेल्यावर मान हलवायची.

टिकारामने हे काम पत्करले ते एका माणसासाठी. त्याचा जोडीदार, अड्याळचा बाबुलाल, त्याच्या बाजूलाच पडला आणि उठला नाही. अग्नी तिकडेच दिला. घरी तार आली आणि मागाहून त्याच्या सामानाची पत्र्याची पेटी. तेव्हापासून बाबुलालची आई रंभाबाई टिकाराम दिसला की एकच विचारायची, "कसा पडला होता रे माहा पोरगा? दाखव ना मले." हे काही तोंडाने दाखवता येत नाही. शेवटी तो म्हणाला होता, "मावशी, गनपतीत लाखनीले या. तिथं दाखवतो." एवढे झाले तर बाकी वाटेल तितकी मान हलवायला तो तयार होता.

पहिल्याच बैठकीत त्याने सांगितले की रणभूमी म्हणजे आपल्यासारखाच मुलूख होता. धानाच्या बांध्या, त्यांच्यामधले धुरे, पाण्याने भरलेली एक बोडी, आणि चिखल.

"धान?" भोजराजभाऊंनी चहाची बशी खाली ठेवली. "धान पाहाले लोक कायले येतीन? थे तं घरीच हाये. पहाड पाहिजे, बर्फाचा."

"भाऊ, तिकडे पहाड नोताच."

"त्याईनं नाही ठेवला तं आपन ठेवू."

याप्रमाणे गादीवाल्याकडच्या कापसाचा हिमालय मांडवात उभा राहिला.

मग सैन्यभरती. तान्ह्या पोळ्याचे मातीचे बैल हातावेगळे करून डोमा कुंभार शिपायांना लागला. मंडळाने जाहीर केले होते, की भरघोस वर्गणी देईल त्याच्या तोंडवळ्याचा जवान सीमेवर उभा राहील. भरती दणक्यात झाली. फक्त साधा शिपाई व्हायला कोणी राजी नव्हते, म्हणून सगळे अधिकारी झाले. (पानठेलेवाल्याने रडतखडत सुभेदारी पत्करली.) शत्रू व्हायला कोणीच वर्गणी दिली नाही, सबब शत्रू वगळण्यात आला. बंदुका हिमालयाकडे रोखल्या तर वर्गणीदारांच्या पाठी दिसतात अशी रास्त तक्रार आली, म्हणून अख्खे सैन्य फिरवून प्रेक्षकांवर नेम धरून उभे करण्यात आले. देखाव्याला त्यामुळे एकदम जिवंतपणा आला.

टिकारामने डोमाकडून एक शिपाई वेगळा करवून घेतला. कुशीवर आडवा, पाय लांब, एक हात कानाखाली. बाबुलाल पडला होता तसा. त्याने तो हिमालयाच्या पायथ्याशी ठेवला, आणि त्या दिवशी त्याला बरे वाटले.

संध्याकाळी आरतीला आलेले पुजारी महाराज मांडवाच्या तोंडाशीच थबकले. देवासमोर मुडदा! आता सुतक धरावे लागेल, आणि सुतकात पूजा कशी चालणार? सुतक कोणाला, यावर तातडीची सभा बसली. मेलेला वर्गणीदार असेल तर त्याच्या घराला. कोणाचाच नसेल तर सगळ्या मंडळाला, आणि मंडळाला लागले म्हणजे स्पर्धा बुडाली. पुष्कळ विचारांती ठराव झाला, की या युद्धात कोणीही मरणार नाही. मोठमोठ्या सरकारांना जे साधले नाही ते लाखनीत एका बैठकीत साधले.

केलेला शिपाई वाया कशाला घालवायचा, म्हणून भोजराजभाऊंनी त्याला उचलून कापसाला टेकवून उभा केला. उभा झाल्यावर त्याचा हात बरोबर कानाशी आला. तिथे चिंचोक्याचा फोन आणि काळ्या दोऱ्याची तार बसवून खाली पाटी लावली, 'सेनापती फोनवरून हुकूम देताना'. टिकारामने मान हलवली नाही. हीच मूक संमती समजण्यात आली.

रविवारी परीक्षक आले, आणि अड्याळहून एसटीने रंभाबाईही आली. तिने दोरीला धरून देखावा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला.

"इतली थंडी होती का रे तिकडे?"

"नाही, मावशी."

"याच्यात माहा कोनता?"

टिकारामने कुबडीने दाखवला. लाजेने त्याचे तोंड काळे पडले होते.

"थो तं उभा हाये. कोनासंग बोलून राहिला?"

परीक्षकांना घेऊन आलेले भोजराजभाऊ मदतीला धावले. "मावशी, आपल्या देखाव्यात एकबी जवान मेला नाही. आरामात पाहून घ्या."

रंभाबाईने त्यांच्याकडे पाहिले. "मंग माहा घरी काहून नाही आला?"

हा प्रश्न स्पर्धेच्या कक्षेत बसत नसल्यामुळे परीक्षक विद्युत रोषणाईकडे वळले. टिकाराम दोरीवरून वाकला, तार तोडली आणि शिपायाला कुशीवर निजवले. कानाखाली हात आला. रंभाबाई खाली बसली आणि मन भरेपर्यंत पाहत राहिली.

"असाच निजे थो," ती म्हणाली. "लहानपनापासून असाच."

मग पदराने डोळे पुसून ती एसटीकडे निघाली. तिची पाठ वळताच स्वयंसेवकांनी सेनापतीला पुन्हा उभे करून फोन जोडून दिला, कारण त्याचे गुण अजून द्यायचे राहिले होते.

रंभाबाईला गाडी मिळाली का, टिकाराम तिला पोचवायला गेला का, असले काही वाचकांनी विचारले असते तर आम्ही सांगितले असते. पण इथवर आलेल्या माणसाच्या मनात एकच प्रश्न असतो, तो आम्ही ओळखून आहोत. मिळाले. पहिले बक्षीसच मिळाले. अभिनंदन.