टोपल्या कोणी आणल्या?

आमचे भास्करनाना जगातल्या एकाही बास्केटबॉलपटूला ओळखत नाहीत. पण या खेळासाठी पहिल्या दोन टोपल्या ज्या शिपायानं आणल्या, त्याच्याबद्दल मात्र ते सख्ख्या मावसभावाबद्दल बोलावं तसं बोलतात. तुम्ही सहज "काय नाना, बरं आहे ना?" म्हणा, पाचव्या मिनिटाला तुम्ही अमेरिकेत असता. एकदा त्यांनी दूधवाल्याला असं धरून ठेवलं होतं की आमच्या गल्लीचा चहा नऊ वाजता झाला.

ती गोष्ट मी आजवर निदान दोनशे वेळा ऐकली आहे. त्यामुळे आता ती नानांच्याच तोंडून ऐका.

"तिकडं थंडी पडली मॅडम. बर्फ! कॉलेजची पोरं हॉलमध्ये कोंडलेली. कवायत करून करून कंटाळली, एकमेकांच्या अंगावर जायला लागली. मोठ्या साहेबांनी व्यायामाच्या सरांना बोलावलं. म्हणाले, चौदा दिवसांत आतल्या आत खेळता येईल असा नवा खेळ काढा. आता तुम्हीच सांगा, आपल्या शाळेत चौदा दिवसांत साधा फळा रंगवून होत होता का? सरांनी डोकं चालवलं, तेरा नियम लिहिले. मग शिपायाला म्हणाले, दोन पेट्या आण. पेट्या मागितल्या होत्या, पेट्या! शिपाई गेला. पेट्या नव्हत्या. मग काय तो हात हलवत आला? नाही! पीच नावाच्या फळाच्या दोन टोपल्या पडल्या होत्या, त्या उचलून आणल्या. गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या, अन् झाला खेळ सुरू. आता बठ्ठं जग सरांचं नाव घेतं. पण टोपल्या कोणी आणल्या?"

इथं तुम्ही "शिपायानं" म्हणायचं असतं. म्हणाला नाहीत तर गोष्ट पुन्हा थंडीपासून सुरू होते.

नानांच्या या कळवळ्याचं कारण सरळ आहे. धुळ्याच्या देवपुरातल्या ज्या शाळेत मी गणित शिकवलं, तिथंच नाना चौतीस वर्षं शिपाई होते. घंटा त्यांची, खडू त्यांचे, मैदानावर चुन्याची फक्की मारायची ती त्यांनी, बॉलमध्ये हवा भरायची ती त्यांनीच. ग्रंथालयाचं कपाट झाडताना त्यांना खेळांवरचं एक वाळवी लागलेलं पुस्तक सापडलं. त्यात ही गोष्ट होती, शिपायासकट. नानांनी ते कपाट त्या वर्षी सात वेळा झाडलं. मुख्याध्यापकांना वाटलं, काय स्वच्छतेची आवड आहे माणसाला!

पुढं हा खेळ जगभर कसा गेला हेही नानांना पाठ आहे. त्याच कॉलेजात शिकलेले मास्तर देशोदेशी गेले, आणि जाताना बॉल घेऊन गेले. बायकांनी तर पहिल्याच दोन-चार वर्षांत घोळदार झगे घालून खेळायला सुरुवात केली. पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला तेव्हा सामने उघड्यावर, मातीत झाले. फायनलला पाऊस, नुसता चिखल, बॉल काही केल्या उसळेना. "फक्की मारणाऱ्याचे काय हाल झाले असतील!" असं म्हणून नाना खरोखर हळहळतात. गॅलरीतले लोक हात घालून बॉल ढकलायचे म्हणून टोपलीमागे फळी लावावी लागली. "धुळ्यात असतं तर लोकांनी बॉलच घरी नेला असता," हे वर.

हा खेळ खानदेशात का निघाला नाही, यावरही त्यांचं संशोधन आहे. एक, चोपड्याला फळं भरपूर, पण ती केळी. घड काही टोपलीत मावत नाही. दोन, आपल्याकडंही मे महिन्यात माणूस घरात कोंडलेला असतोच. "मग आपण काय शोधून काढलं मॅडम? दुपारची झोप!"

आता माझं सांगते. निवृत्त झाले, शुगर निघाली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं. कॉलनीच्या मोकळ्या जागेत आम्ही पंधरा-अठरा निवृत्त मंडळी सकाळी गोल गोल चालत होतो. घाण्याला जुंपल्यासारखं वाटायचं. एके दिवशी नाना खांद्यावर शिडी आणि हातात वेळूच्या दोन टोपल्या घेऊन उगवले. एक टोपली कडुनिंबाला ठोकली, एक पाण्याच्या टाकीच्या खांबाला. टेपनं मोजून दहा फुटांवर. मी म्हटलं, "नाना, आमची वयं बघा, जरा खाली घ्या."

"कठडा दहा फुटांवर होता," नाना म्हणाले. विषय संपला.

आणि टोपल्यांना बूड होतं. चांगलं घट्ट विणलेलं. "मूळ खेळ असाच होता. बूड नंतर काढलं. आपण मुळापासून शिकायचं." म्हणजे कसं, की बॉल टोपलीत पडला की आत बसतो. खेळ थांबतो. नाना शिडी आणतात, टेकवतात, एकानं खालून धरायची, नाना वर चढतात, बॉल काढतात, वरूनच सगळ्यांकडं एकदा नजर टाकतात आणि खाली येतात. "शिडी शे तं शिपाई शे," म्हणजे शिडी आहे तर शिपाई आहे, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. रंगात आले की नाना अहिराणीत घुसतात.

पण खेळ सुरू व्हायच्या आधी नोटीस. शाळेत शिकवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. शिपाई नोटीसची वही घेऊन वर्गावर येतो, आपण शिकवणं थांबवून वाचतो, सही करतो, तो पुढच्या वर्गावर जातो. नानांनी ते तेरा नियम आपल्या अक्षरात एका वहीत उतरवले आणि पहिल्याच सकाळी प्रत्येकापुढं धरले. "वाचून सही करा." बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले पाटीलआबा न वाचता सही करायला गेले, तर नानांनी वही मागं ओढली. "आबा, पाचवा नियम वाचा. ढकलाढकली नाही." कुसुमअक्का पदर खोचून म्हणाल्या, "व माय, मग खेळायचं काय?"

पण खरं सांगते, खेळ आमच्यासाठीच निघाल्यासारखा होता. मूळ नियमात बॉल घेऊन पळायचंच नाही. जिथं धरला तिथून टाकायचा. आबांचा गुडघा बदललेला, माझी शुगर, अक्कांना दम. पळणार कोण होतं! नऊ-नऊ जणांच्या दोन बाजू. एका सकाळी एखादा बॉल पडला तर पडला. जगातला पहिला सामनासुद्धा एक-शून्य असाच सुटला होता, त्यामुळे नाना खूश. आणि बॉल पडला की शिडी येईपर्यंत दहा मिनिटं गप्पा. कोणाची सून काय म्हणाली, कोणाचा रिपोर्ट काय आला, सगळं त्या शिडीखाली. दोन वर्षं असं चाललं. माझी शुगर खाली आली, आणि अक्कांचं रडगाणंही.

नानांची पत्नी चार वर्षांपूर्वी गेली. मुलगा जळगावला असतो. रोज फोनवर म्हणतो, नाना, इकडे या. नाना म्हणतात, "कसा येऊ? सकाळची ड्यूटी आहे."

मग गेल्या महिन्यात आमच्या नगरसेवकांना आमचा पुळका आला. लोखंडी खांब, काचेसारखी फळी, लाल रिंग, खाली पांढरी जाळी, असा संच त्यांनी थेट आणून उभा केला. आम्ही सगळे लहान मुलांसारखे हरखलो. आबा म्हणाले, "आता शिडीची कटकट गेली!" आम्ही टाळ्या वाजवल्या. हो, मीसुद्धा वाजवल्या.

नानांनी शिडी लावली. टोपल्या काढल्या, खिळे खिशात टाकले. जाताना माझ्याजवळ थांबले. "मॅडम, तिकडंही शेवटी बूड काढलं. बॉल आपोआप खाली यायला लागला. त्यावर पुस्तकात बरंच लिहिलं आहे. पण शिडीवर चढणाऱ्या शिपायाचं पुढं काय झालं, ते काही लिहिलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी नाना आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. चौथ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या, लख्ख झाडलेल्या. भिंतीला शिडी. खाटेवर कपड्यांची बॅग, निम्मी भरलेली.

"काय करून राहिले नाना?"

"रविवारी जळगावला जातो. कायमचाच."

"अहो, खेळ सुरू झालाय. नवी रिंग आहे. या की."

"माझं तिथं काय काम?" हे त्यांनी रागानं विचारलं नाही. खरोखरच विचारलं.

"काम कशाला? खेळायला या."

नाना हसले. "मी? मॅडम, मी बॉलमध्ये हवा भरली, बॉल दिला, बॉल काढला. टाकला नाही कधी."

"चौतीस वर्षांत एकदाही?"

"कोणी म्हटलंच नाही. अन् सामान शाळेचं. विचारल्याशिवाय कसं टाकायचं?"

मला खरंच लाज वाटली. शाळेचं सोडा, पण गेली दोन वर्षं टोपली त्यांची, शिडी त्यांची, बॉलसुद्धा त्यांचाच. आम्ही अठरा शिकलेली माणसं, दोन बाजू पाडताना एकाच्याही डोक्यात आलं नाही की नानांनाही कुठल्या तरी बाजूला घ्यावं. आणि मी तर गणिताची. अठरा मोजले, एकोणिसावा दिसला नाही.

घरी आले, एक वही काढली आणि माझ्या चांगल्यात चांगल्या अक्षरात लिहिलं: "नोटीस. उद्या सकाळी साडेसहा वाजता नव्या रिंगमध्ये पहिला बॉल श्री. भास्करनाना टाकतील. सर्वांनी वेळेवर हजर राहावे." दुपारच्या उन्हात, डोक्याला रुमाल बांधून, घरोघरी फिरले. आबांनी सही केली. "पण रिंगमध्ये चार दिवस बॉल पडतातच आहेत," म्हणाले. मी म्हटलं, "आबा, ते पडले नाहीत असं समजा." त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मान डोलावली. अक्कांनी तर सहीखाली फुलं काढली, शोभेला.

सगळ्यात शेवटी वही नानांपुढं धरली. "वाचून सही करा."

नानांनी हात धोतराला पुसला. चष्मा शोधला. नोटीस दोनदा वाचली. जन्मभर दुसऱ्यांच्या सह्या गोळा केलेला माणूस, पण सही कुठं करायची तेच त्यांना कळेना. मी बोटानं जागा दाखवली. त्यांनी अगदी हळू, एकेक अक्षर कोरत पूर्ण नाव लिहिलं. पुढं कंसात "शिपाई" लिहायला लागले, तेव्हा मी वही ओढून घेतली.

सकाळी नाना सव्वासहालाच आले होते. इस्त्रीचा सदरा, आणि खांद्यावर शिडी. आबा काहीतरी बोलणार होते, अक्कांनी त्यांना कोपर मारलं. नानांनी शिडी कडुनिंबाला टेकवली आणि फळीसमोर येऊन उभे राहिले. मी बॉल त्यांच्या हातात दिला. बॉलचं वजन त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार! तरी ते तो पहिल्यांदाच धरल्यासारखा धरून उभे होते.

पहिला बॉल फळीपर्यंत पोचलाच नाही. दुसरा टाकीवर गेला. सहावा-सातवा रिंगवर नाचून बाहेर पडला. आम्ही सगळे श्वास रोखून. मग एक टाकला, तो फळीवर आपटला, रिंगवर एक गोल फिरला आणि जाळीतून सुळकन खाली आला.

आम्ही ओरडलो. अक्का तर नाचायलाच लागल्या. आणि नाना? नाना कडुनिंबाकडं पळत सुटले होते. शिडी उचलून, लगबगीनं परत निघाले होते.

"नाना!" मी हाक मारली. "बॉल खाली आलाय."

नाना थांबले. बॉल गडगडत त्यांच्याच पायाशी येऊन टेकला होता. त्यांनी एकदा वर जाळीकडं पाहिलं. मग शिडी हळूच जमिनीवर ठेवली, बॉल उचलला आणि आमच्या सगळ्यांकडं पाहत विचारलं,

"मग... अजून एक टाकू का?"

आबाच म्हणाले, "टाका ना नाना, टाका!"

त्या दिवशी साडेआठपर्यंत आमच्यापैकी कोणाच्याही हाताला बॉल लागला नाही.