"येतो" म्हणणाऱ्या राज्याच्या रॉकाची हकीकत

श्रीगजवदनास नमन, आणि ज्यांचे कान अद्याप शाबूत आहेत त्या श्रोत्यांस दंडवत. शके एकोणीसशें चव्वेचाळीस, गडगडाटनाम संवत्सरीं आमचे राज्यांत रॉकावर संकट आलें, तें ऐकावें.

आमचे लोकांस निरोप घेणें जमत नाहीं. पाहुणा "येतो" म्हणोन उठे, आणि उंबऱ्यावर उभा राहून घरांत बोलला त्याहून अधिक बोले, मग यजमान "पान तरी घ्या" म्हणोन धरून ठेवी. हाच स्वभाव रॉकांत उतरला. उत्तरेकडील माणसें वर्षभर गप्प, म्हणोन त्यांचे रॉकांत किंकाळ्या. पश्चिमेकडील लोक घड्याळाचे, त्यांचें गाणें टोल्यासरशी बंद. आणि आमचें गाणें संपे, मग पुन्हा संपे, मग निघतां निघतां कांहीं आठवून आणीक वाजे.

त्या सालीं महाराजांनीं रॉकाचा दरबार भरविला आणि पश्चिमेकडील राज्याचे वकील पंच नेमिले. वकिलांनीं शर्त घातली कीं नौबत झडतांच वाद्य थांबावें; न थांबे त्याचीं वाद्यें जप्त आणि त्याचे राज्यांत रॉक बंद; निकाल आपण स्वतः परत जातांना गांवची वेस ओलांडूं तेव्हां लागू. महाराज भिडस्त, "बरें" म्हणाले.

आमचेकडून गिटारीवर बयाजी आणि ड्रमांवर सगुणाबाई. बाईंस ड्रमांवांचून अन्न गोड लागत नसे. त्या म्हणाल्या, "बयाजी, नौबत झाली की हात खाली. माझे ड्रम गेले तर मी काय करू?" बयाजीनें गळ्याची शपथ घेतली, आणि ऐसें वाजविलें कीं दरबाराच्या हंड्या हालल्या, आणि नौबत झडतांच मुजरा केला. इतक्यांत मागून कोणी पुसिलें, "अहो, निघालात?" झालें! बयाजी "येतो!" म्हणाला आणि हात तारांवर गेला, आणि सगुणाबाईंनीं स्वतःच "सावकाश जा रे" म्हणोन ड्रमांवर थाप दिली, मग सारा दरबार गाऊं लागला.

वकील गरजले, "वाद्यें जप्त! मी जातो." सगुणाबाई रडूं लागल्या. तरी सारे हळहळले, "जातो म्हणू नये हो, येतो म्हणावं," आणि रिवाजाप्रमाणें महाराजांसुद्धां अवघें गांव त्यांस पोंचवावयास वेशीपर्यंत गेलें, आणि राणीसाहेबांनीं लोणच्याची बरणी दिली, आणि महाराजांनीं त्यांचे गुडघ्याची चौकशी केली. सगुणाबाईंसही राहवेना. डोळे पुसून म्हणाल्या, "घरी कोण कोण असतं?"

वकिलांनीं बरणी छातीशीं धरिली. मग म्हणाले, "कोणी नाही. आमच्याकडे मी निघालो तर दारापर्यंत कोणी येत नाही."

"अगं बाई! मग एक ऐकून जा."

ड्रम वेशींत आणविले, आणि गाणें संपलें, आणि पुन्हा संपलें, आणि वकिलांचा पाय ताल धरूं लागला.

तात्पर्य, निकाल कायम आहे. वकील वेशीच्या आंत आहेत, म्हणोन लागू नाहीं. सगुणाबाई नित्य पुसतात, "निघालात का?" ते बरणी हातीं धरून म्हणतात, "हा काय, निघालोच."